भाषेची योग्यता आणि परीक्षेचे गुण

चैत्र-वैशाखात व्याख्यानमाला भरते तेव्हा शाळांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात आणि दहावीचे निकाल लागावयाचे असतात. मलकापुरात ज्या घरी दहावीचे मूल आहे, त्या घरी ह्या दिवसांत दुसरे बोलणे नसते. गणितात किती पडतील, विज्ञानात किती पडतील, इंग्रजी निघेल की नाही, ह्याचा ऊहापोह होतो. मराठीचे नाव मात्र क्वचितच निघते. मराठी घरचीच, तिची कसली काळजी, अशी आपली समजूत असते. आणि तरीही मराठी घरांतील पुष्कळ मुले मराठीच्याच पेपरात अडखळतात. जो मुलगा दिवसभर मराठीत भांडतो, बाजारात मराठीत भाव करतो, मराठीत थापा मारून वेळ निभावून नेतो, त्याच्या प्रगतिपत्रकावर ‘भाषा कच्ची’ असा शेरा येतो. शेरा मारणाऱ्या गुरुजींची ह्यात काही चूक असते असे नव्हे. परंतु तो मुलगा काही मुका नसतो. मग हा कच्चेपणा नेमका कशाचा? भाषा येणे म्हणजे काय, आणि ती येते की नाही हे दुसऱ्याने कसे ओळखावे? प्रश्न वरवर शाळेचा दिसतो. थोडे खणले की तो तत्त्वज्ञानाचा निघतो.

तत्त्वज्ञानाकडे वळण्यापूर्वी आम्ही काही आकडे पुढे ठेवतो. दहावीच्या परीक्षेचा राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला, आणि २०२० साली ९५.३० टक्क्यांवर गेला. बुलढाणा जिल्हा ज्या अमरावती विभागीय मंडळाखाली येतो, त्या विभागाचा २०१९ चा निकाल तर बहात्तर टक्क्यांच्या आसपासच होता. एका वर्षात बारा टक्क्यांचा उतार आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्क्यांचा चढ! पाऊस असा कमीजास्त होतो, कापसाचा भाव असा कमीजास्त होतो. पण लाखो मुलांची समज एका वर्षात इतकी खाली जाऊन पुन्हा इतकी वर येत नाही. बदलली होती ती मोजण्याची रीत. पूर्वी भाषेच्या शंभर गुणांपैकी ऐंशी गुण लेखी परीक्षेचे आणि वीस गुण शाळेतच घ्यावयाच्या तोंडी परीक्षेचे असत. २०१९ च्या परीक्षेस हे वीस गुण काढून घेण्यात आले. त्याच वर्षी नवा अभ्यासक्रम आला होता आणि जुन्या प्रश्नपत्रिकेच्या जागी ‘कृतिपत्रिका’ आली होती. निकाल घसरल्यावर ओरड झाली आणि त्याच वर्षी तोंडी गुण परत देण्याचा निर्णय झाला. २०२० साली करोनाच्या साथीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेही लक्षात घ्यावे लागेल. सारा चढउतार वीस गुणांच्याच माथी मारणे बरोबर होणार नाही. तरीपण त्यांचा वाटा मोठा होता ह्याविषयी फारसा वाद नाही.

आता ज्या मुलीला २०१८ साली मराठी ‘आली’ असती आणि २०१९ साली ‘आली नाही’, त्या मुलीच्या डोक्यात काय फरक पडला? काहीच नाही, असे उत्तर कोणीही देईल. पण मग त्या गुणपत्रिकेवर जे लिहिलेले असते ते कोणाविषयी असते? मुलीविषयी की मोजपट्टीविषयी?

आपल्या भाषेत ह्या बाबतीत तीन शब्द वापरतात, आणि तिन्हींतून निघणारे चित्र निरनिराळे आहे. ‘पात्रता’ ह्या शब्दात भांडे आहे: ज्यात काही ओतता येईल, तो पात्र. परीक्षेत कमी पडलेल्यास ‘नापास’ म्हणू नये म्हणून अलीकडे ‘कौशल्य विकासास पात्र’ असा शेरा काढण्यात आला. मुलांना व त्यांच्या शेजाऱ्यांना त्याचा अर्थ एका दिवसात कळला, आणि शब्द बदलल्याने गोष्ट बदलत नाही ह्याचे उत्तम उदाहरण सर्वांस फुकट मिळाले. ‘क्षमता’ हा शब्द यंत्राला जास्त शोभतो. जिनिंगच्या कारखान्याची क्षमता अमुक गासड्यांची आहे असे आपण म्हणतो, आणि ती कारखाना चालवून मोजता येते. शिक्षणात हा शब्द १९९० नंतर फार फोफावला. रवींद्र दवे ह्यांच्या समितीने १९९१ मध्ये प्राथमिक शाळेसाठी ‘किमान अध्ययन पातळ्या’ ठरवून दिल्या. महाराष्ट्राने १९९५ च्या प्राथमिक अभ्यासक्रमात तेच धोरण ‘क्षमताधिष्ठित’ ह्या नावाने स्वीकारले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो शब्द पुन्हा नव्या जोमाने आला आहे. हेतू स्तुत्य होता. पाठांतर नको, मुलाला काय करता येते ते पाहा, असे सांगावयाचे होते. पण क्षमतांच्या क्रमांकवार याद्या झाल्या, यादीसमोर खुणा करावयाच्या आल्या, आणि यादी भरणे हेच काम झाले.

तिसरा शब्द ‘योग्यता’. हा आमच्या आवडीचा आहे, कारण त्याला भाषाविचारात जुने घर आहे. वाक्याचा अर्थ कळावयास तीन गोष्टी लागतात, असे नैयायिक म्हणत: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. ‘गाय’ म्हटल्यावर पुढे काय, ही अपेक्षा म्हणजे आकांक्षा. शब्द वेळेवर व जवळजवळ उच्चारणे म्हणजे संनिधी. आणि अर्थांचा एकमेकांशी मेळ बसणे म्हणजे योग्यता. ‘विस्तवाने झाडे शिंपतो’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण त्यात योग्यता नाही. म्हणजे योग्यता ही कोणा एका शब्दाच्या अंगी नसते. ती दोघांमधली असते. पाण्याची शिंपण्याशी आहे, विस्तवाची नाही. हा अर्थ मनात धरून ‘विद्यार्थ्याची योग्यता’ असे म्हटले, तर लगेच विचारावे लागते: कशाशी योग्यता? कोणत्या कामाशी, कोणत्या श्रोत्याशी?

हा प्रश्न घेऊन आपल्याच भागातल्या मुलाकडे पाहू. मलकापूर वऱ्हाडाच्या पश्चिम टोकाला; पलीकडे मुक्ताईनगर म्हणजे खानदेश लागला. खेड्यावरून शाळेत येणारे मूल ‘मले’, ‘तुले’, ‘आईले’ म्हणते. खानदेशातही ‘माले’, ‘तुले’ असेच ऐकू येते. ते डोळ्याला ‘डोया’ म्हणते, शाळेला ‘शाया’ म्हणते. कोणी ह्यास गावंढळ म्हणेल. पण जरा नीट ऐकावे. डोळ्याचा ‘डोया’ करणारे हे मूल बैलाचा ‘बैय’ कधी करीत नाही. ळ कोठे आणि ल कोठे हे त्याला पक्के माहीत असते. ज्या जागी पुण्याचा मुलगा ळ उच्चारील त्याच जागी ते य उच्चारते, इतरत्र नाही. (त्यामुळे माळ आणि माय एकाच उच्चाराच्या होतात, पण म्हणून आजवर कोणी माय गळ्यात घातलेली नाही.) ‘तो काय करून रायला?’ ह्यात प्रमाण मराठीच्या कानाला काम संपल्याचा भास होतो. बोलणाऱ्याच्या मनात मात्र काम चालू आहे, आणि ह्या रूपाचा त्याचा वापर कधी चुकत नाही. ह्यालाच नियम म्हणतात. कोणी शिकविला नाही, कोणत्या पुस्तकात नाही, पण आहे.

अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की ह्यांनी १९६५ मध्ये जो भेद मांडला, तो नेमका येथे लागू पडतो. भाषा बोलणाऱ्याच्या ठिकाणी नियमांचे जे अबोध ज्ञान असते ती भाषिक क्षमता; आणि प्रत्यक्ष बोलण्या-लिहिण्यात जे उतरते तो प्रयोग. प्रयोगात माणूस अडखळतो, थकतो, घाबरतो. म्हणून प्रयोगावरून क्षमतेचे अनुमान सांभाळून करावे लागते. त्यांचे म्हणणे असे की चार-पाच वर्षांच्या मुलाजवळ ही क्षमता बहुतांशी तयार असते, आणि ती केवळ अनुकरणाने आलेली नसते. ह्याचा पुरावा मुलांच्या चुकांतच सापडतो. लहान मूल ‘मी करलं’ असे म्हणते. घरात कोणीही ‘करलं’ म्हणत नाही. मग ते त्याने कोठून आणले? धर-धरलं, मार-मारलं, भर-भरलं हे ऐकून त्याने नियम काढला आणि ‘कर’ला लावला. आपण हसतो आणि ‘केलं म्हण’ असे सांगतो. पण ती चूक म्हणजे नियम हाती आल्याची पावती आहे. पोपट अशी चूक करीत नाही.

उलट शाळेत काय होते ते पाहा. व्याकरणाच्या तासाला मूल द्वितीयेचे प्रत्यय पाठ म्हणते: स, ला, ते. अनेकवचनी स, ला, ना, ते. ह्यातला ‘ते’ त्याने जन्मात कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तो जुन्या कवितेबाहेर आता भेटत नाही. ज्या ‘ले’वर त्याचा सारा दिवस चालतो, तो त्या यादीत नाही. ‘ते’ सांगितला तर गुण मिळतो, ‘ले’ लिहिला तर जातो. संस्कृताच्या साच्यात मराठीचे व्याकरण बसविण्याने काय होते, ह्याची चर्चा अरविंद मंगरूळकरांनी १९६४ मध्येच ‘मराठीच्या व्याकरणाचा पुनर्विचार’ ह्या पुस्तकात केली होती. शाळेपर्यंत ती फारशी पोचली नाही.

येथे वऱ्हाडच्या अभिमानाचे भाषण करण्याचा मोह होतो. मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ, म्हाइंभटांचे लीळाचरित्र, तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला आकारास आला, आणि आता तेथे मराठी भाषेचे विद्यापीठही झाले आहे. तेव्हा आमच्या बोलीला अशुद्ध म्हणणारे तुम्ही कोण, वगैरे. टाळ्या मिळतील, परंतु तेराव्या शतकातील पुण्याई विसाव्या किंवा एकविसाव्या शतकातील उत्तरपत्रिकेला चालत नाही. प्रश्न ‘ले’ थोर की ‘ला’ थोर हा नाहीच. प्रश्न असा आहे की ‘ला’ लिहिण्याचा नियम कोठून येतो आणि तो न पाळणाऱ्याविषयी आपल्याला काय म्हणावयाचे असते.

ह्या प्रश्नाचा ज्याने सर्वांत खोल विचार केला, तो माणूस काही काळ खेड्यातला प्राथमिक शिक्षक होता. लुडविग विटगेन्स्टाइन ह्याने पहिल्या महायुद्धानंतर घरची अफाट संपत्ती सोडून १९२० ते १९२६ ऑस्ट्रियातील खेड्यांत शाळामास्तरकी केली. शिक्षक म्हणून तो कडक होता. मारीतही असे, आणि अशाच एका प्रकरणानंतर त्याने ती नोकरी सोडली. पण ह्याच काळात त्याने मुलांसाठी शुद्धलेखनाचा एक लहानसा शब्दकोश केला. तो १९२६ मध्ये छापला गेला. मुलाने स्वतः शब्द शोधावा, आपली चूक आपण ओळखावी, हा त्यातला हेतू. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांनी जगप्रसिद्ध झालेल्या ह्या पुरुषाच्या हयातीत त्याची दोनच पुस्तके निघाली, आणि त्यांतले एक हे, ही गोष्ट मराठीच्या शिक्षकांनी कोठेतरी लिहून ठेवावी.

पुढे १९५३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, त्याचा दुसरा मोठा ग्रंथ निघाला. त्यात एक विद्यार्थी आहे. त्याला दोन-दोन मिळवीत जाण्यास सांगितले आहे. दोन, चार, सहा, आठ असे तो हजारापर्यंत बिनचूक जातो, आणि पुढे लिहितो: १००४, १००८, १०१२. आपण म्हणतो, अरे, हे काय? तो म्हणतो, मी तर तेच करीत आहे. हजारापर्यंतची सारी उत्तरे बरोबर होती. म्हणजे त्या उत्तरांवरून ‘ह्याला नियम कळला आहे’ असे म्हणणे आपण समजतो तितके पक्के नव्हते. परीक्षकाच्या हाती नेहमी थोडीच उत्तरे येतात. त्या थोडक्या उत्तरांमागे कोणता नियम आहे, किंबहुना नियम आहे की पाठांतर, हे उत्तरे ओरडून सांगत नाहीत. विटगेन्स्टाइनचा रोख असा की नियम पाळणे ही कोणाच्या डोक्यात दडलेली वस्तू नसून माणसांची एक चालत आलेली वहिवाट आहे. बरोबर काय आणि चूक काय हे त्या वहिवाटीत ठरते.

हे फार परदेशी वाटत असेल तर शुद्धलेखनाकडे पाहावे. १९६२ पूर्वी शाळेत जो मुलगा ‘नाव’, ‘गाव’, ‘काही’ असे अनुस्वाराविना लिही, त्याच्या वहीत तांबडी रेघ येई. ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ हे शुद्ध. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नवे लेखननियम शासनाने मान्य केले, न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, आणि ते लिहिणारा चुकणारा ठरला. मुलाच्या जिभेत काही बदल झाला नाही, भाषेत काही बिघाड झाला नाही. वहिवाट बदलली. १९७२ मध्ये आणखी चार नियम त्यात जोडले गेले. हे लक्षात आले की तांबड्या रेघेकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी निवळते. ती रेघ खरी आहे, तिला मान द्यावयास हवा. पण ती वाहतुकीच्या नियमासारखी आहे, गुरुत्वाकर्षणासारखी नव्हे.

येथे काही मंडळी घाईने टोकाला जातात आणि म्हणतात की मग प्रमाण भाषेचे जोखडच नको, मुलाने हवे तसे लिहावे. आम्हांस हे पटत नाही. अर्ज, करारनामा, औषधाच्या बाटलीवरील सूचना, न्यायालयाचा निकाल, पाठ्यपुस्तक हे सर्व प्रमाण मराठीत असते. जी मुलगी ती लिहावयास शिकली नाही, तिला पुढे पदोपदी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. प्रमाण मराठी ही बहुतेक मुलांना घरी मिळत नाही. ती शिकवावी लागते, आणि शिकविलेल्या गोष्टीची परीक्षाही घ्यावी लागते. आमचे म्हणणे एवढेच की ‘प्रमाण लेखन अजून जमत नाही’ हा शेरा वेगळा आणि ‘भाषा कच्ची’ हा शेरा वेगळा. पहिल्याने मुलाला पुढे काय करावयाचे ते कळते. दुसऱ्याने त्याला कळते की आपण, आपली आई, आपली आजी, सगळेच कच्चे.

ऑक्सफर्डचा गिल्बर्ट राईल ह्याने १९४९ मध्ये ज्ञानाचे दोन प्रकार वेगळे केले होते: ‘अमुक असे आहे’ हे माहीत असणे, आणि ‘अमुक कसे करावे’ हे येणे. पोहण्यावर पुस्तक लिहिलेला मनुष्य विहिरीत बुडू शकतो, आणि विहिरीत पट्टीचा पोहणारा पोहण्याविषयी चार वाक्ये धड सांगू शकत नाही. भाषा दुसऱ्या जातीची आहे. आपल्या शाळा मात्र बऱ्याचदा पहिल्या जातीची परीक्षा घेतात, कारण ती तपासावयास सोपी. दुसरीची घ्यावयाची म्हटले तर मुलाला पाण्यात उतरवावे लागते. निबंध हे तसे पाणीच होते. पण गाइडांनी त्यालाही बांध घातला. ‘पावसाने दडी मारली तर’ हा निबंध गाइडातून पाठ करून जशाच्या तसा उतरविणारे मूल सुवाच्य लिहिते, ऱ्हस्वदीर्घ सांभाळते, आणि गुण मिळविते. ज्याच्या बापाची पेरणी खरोखर दडीत सापडली आहे, ते मूल त्या विषयावर अडखळत चार ओळी लिहिते.

कृतिपत्रिका ह्याच्यावरचा उपाय म्हणून आली. उतारा पुस्तकाबाहेरचा द्यावा, पत्र, बातमी, जाहिरात लिहावयास सांगावी, स्वतःचे मत विचारावे. ह्यामागे डेल हाइम्स ह्या मानवशास्त्रज्ञाने चॉम्स्कीला दिलेले उत्तर आहे. वाक्य व्याकरणशुद्ध रचता येणे पुरत नाही, असे तो म्हणाला. कोणाशी, कोठे, केव्हा, कसे बोलावे, आणि केव्हा गप्प राहावे, हेही भाषा येण्यातच येते. आपल्याकडची पुष्कळ मुले ह्यात तरबेज असतात. घरी ‘मले नाई पाह्यजे’ म्हणणारी मुलगी दवाखान्यात डॉक्टरांना ‘मला नको’ म्हणते, उर्दू बोलणाऱ्या मैत्रिणीशी तिसऱ्याच तऱ्हेने बोलते, आणि ह्या तिन्हींत ती कधी घोळ घालीत नाही. हे कसब लेखी उत्तरात दिसत नाही. ते तोंडी परीक्षेतच दिसावयाचे.

म्हणून त्या वीस गुणांच्या वादात दोन्ही पक्ष खरे होते असे आम्हांस वाटते. शाळा हे गुण सढळ हाताने वाटतात, ही तक्रार होती. तोंडी अठरा मिळाले की पस्तिसासाठी लेखीत सतराच पुरत. असे वाटलेले गुण काही मोजीत नव्हते, हे कबूल. परंतु जे मोजावयाचे होते ते खोटे नव्हते. बोलणे आणि ऐकून समजणे ही भाषेची अर्धी काया आहे. मोजणारा नीट मोजीत नाही म्हणून मोजावयाची वस्तूच यादीतून काढली, आणि मग ओरड झाली म्हणून ती परत घातली. मोजण्याची रीत सुधारण्याचा प्रश्न दोन्ही वेळा मागे राहिला.

सुधारावयाची म्हटली तर कशी? आमच्या मनातला एक प्रश्न सांगतो. मुलीने आजीला फोनवर सांगितलेली हकीकत तिच्याच बोलीत छापावी: विहिरीवरची मोटर जळली, वीजपुरवठा कधी कमी दाबाने येतो कधी येतच नाही, बाबा कचेरीत तीनदा जाऊन आले. त्याखाली लिहावे, ‘हीच हकीकत वीज कंपनीच्या अभियंत्यास अर्जाच्या रूपाने कळवा.’ तपासताना दोन रकाने करावे. एकात, अर्ज वाचणाऱ्याला कोणती मोटर, कोणते शेत, काय हवे, हे कळते की नाही. दुसऱ्यात, लेखन प्रमाण आहे की नाही. दोन्ही गुण गुणपत्रिकेवर वेगवेगळे यावेत. नंतर उलटा प्रश्नही घालावा: कंपनीचे उत्तर प्रमाण मराठीत द्यावे आणि ते आजीला तिच्या बोलीत समजावून सांगावयास लावावे. हा दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे, आणि त्यात वऱ्हाडातले मूल मागे पडेल असे आम्हांस वाटत नाही. अडचण एवढीच की ही उत्तरपत्रिका रत्नागिरीच्या किंवा कोल्हापूरच्या शिक्षकांकडे गेली तर त्यांना ती तपासता येणार नाही, आणि त्यांच्याकडची मलकापुरात आली तर आपणांसही नाही. हा प्रश्न तोंडी परीक्षेतच, गावच्या भाषेचा कान असलेल्या शिक्षकासमोर घ्यावा लागेल. म्हणजे पुन्हा ते वीस गुण आले, आणि ते देणाऱ्यावर किती विश्वास टाकावयाचा, हेही आले.